कन्सोल आणि खेळातली तल्लीनता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत. अपवाद आणि अडचणी पुढे येतात. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खेळाडूला गुंगवून ठेवणे हे गेम बनवणाऱ्यांचे काम आहे. त्यात कन्सोल कंपनीचा संबंध कुठे येतो?

कथा, पात्रे, संगीत आणि नियम ही गेम स्टुडिओचीच जबाबदारी आहे. मात्र बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत किती वेळ जातो, नवा भाग उघडताना किती थांबावे लागते, आवाज कोणत्या दिशेने आल्यासारखा वाटतो आणि हातातल्या कंट्रोलरमधून काय जाणवते, हे बऱ्याच अंशी यंत्र ठरवते. पीसीच्या तुलनेत कन्सोल कंपनीला एक मोठा फायदा असतो. एका पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक ग्राहकाकडे तेच यंत्र आणि तोच कंट्रोलर असल्यामुळे स्टुडिओला एखाद्या सोयीवर विसंबून खेळ रचता येतो.

कंपन्यांचे प्रयत्न ढोबळमानाने दोन दिशांनी होतात. कंपन, त्रिमितीय दृश्य किंवा शरीराच्या हालचालींची ओळख यांसारखी नवी संवेदना देणे ही एक दिशा. लोडिंग, लॅग (प्रतिसादाला होणारा उशीर) आणि अडखळणारे चित्र हे व्यत्यय काढून टाकणे ही दुसरी. जाहिरातींत जागा पहिलीला मिळते. आमच्या मते गेल्या तीस वर्षांत दुसऱ्या दिशेचे काम अधिक टिकले, आणि पहिल्या दिशेचे तेवढेच टिकले जे कन्सोलच्या खोक्यातच मिळत होते आणि ज्यात प्रतिसादाला उशीर नव्हता. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हे मत तपासून पाहिले आहे.

२. इमर्शन, म्हणजे तल्लीनता, मोजता येते का, की तो केवळ जाहिरातीतला शब्द आहे?

यंत्राची क्षमता मोजता येते. खेळाडूच्या मनात काय घडते ते तितक्या थेटपणे मोजता येत नाही. आभासी वास्तवाचे अभ्यासक मेल स्लेटर यांनी हा भेद स्पष्टपणे मांडला आहे. दृश्याची व्याप्ती, चित्राचा वेग आणि हालचालीचा अचूक मागोवा या यंत्राच्या बाजूच्या गोष्टी आहेत, तर ‘आपण तिथेच आहोत’ असे वाटणे हा माणसाचा प्रतिसाद आहे. एमिली ब्राउन आणि पॉल केर्न्स यांनी २००४ मध्ये खेळाडूंच्या मुलाखतींवरून गुंतणे, रमणे आणि पूर्ण तल्लीन होणे अशा तीन पायऱ्या सांगितल्या. प्रत्येक पायरीच्या आधी काही अडसर असतात, हा त्यांच्या मांडणीतला उपयोगाचा भाग आहे. अगदी पहिल्या पायरीवरच खेळाडूला वेळ द्यावा लागतो, मेहनत घ्यावी लागते आणि कंट्रोलर अंगवळणी पडावा लागतो. कन्सोल कंपनीच्या हाती मुख्यतः हे अडसर कमी करणे असते.

३. कंट्रोलरचे कंपन तर जुनेच आहे. मग आताच्या हॅप्टिक्समध्ये, म्हणजे स्पर्शातून मिळणाऱ्या प्रतिसादात, नवीन काय?

निन्टेंडोने १९९७ मध्ये निन्टेंडो ६४ साठी ‘रंबल पॅक’ आणला. तो कंट्रोलरच्या खालच्या खाचेत बसवायचा असे आणि त्याला स्वतःचे दोन सेल लागत. गैरसोय अशी, की खेळ साठवण्याचे कार्डही त्याच खाचेत बसे, त्यामुळे ज्या खेळांना ते कार्ड लागे त्यांत कधी कंपन तर कधी कार्ड अशी अदलाबदल करावी लागे. सोनीने त्याच वर्षी प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक कंट्रोलरमध्ये दोन मोटरी थेट कंट्रोलरच्या आत बसवल्या. एकीचे वजन जड, दुसरीचे हलके. पुढे हळूहळू कंपन ही वेगळी विकत घ्यायची वस्तू राहिली नाही.

त्या मोटरींच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेले वजन असते आणि ते फिरू लागले की हादरा बसतो. अशा वजनाला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो, शिवाय कंपनाचा जोर आणि त्याची वारंवारता एकमेकांपासून वेगळी करता येत नाही. त्यामुळे स्फोट, टक्कर आणि खडबडीत रस्ता हे सगळे हाताला जवळपास सारखेच वाटत असे. २०१७ च्या निन्टेंडो स्विचमध्ये आणि २०२० च्या प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये फिरणाऱ्या वजनाऐवजी मागे-पुढे सरकणारे घटक आहेत. ड्युअलसेन्समधल्या घटकांची रचना स्पीकरच्या कॉइलसारखी आहे आणि त्यांना ध्वनीसारखाच संकेत दिला जातो. म्हणूनच ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ या कन्सोलसोबतच येणाऱ्या खेळात काचेवर, वाळूत आणि धातूवर चालण्यातला फरक तळहातांना कळतो. स्विचच्या ‘वन टू स्विच’ या खेळात जॉय-कॉन हा स्विचचा छोटा कंट्रोलर हातात हळूच तिरका करून त्याच्या आत किती गोळ्या घरंगळत आहेत ते केवळ स्पर्शाने ओळखायचे असते. आत एकही गोळी नसते, तरी बोटे आकडा सांगतात.

४. ॲडॅप्टिव्ह ट्रिगर म्हणजे काय? एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्येही तेच असते ना?

नाही. ट्रिगर म्हणजे कंट्रोलरच्या मागच्या कडेला बोटाने ओढायचे बटण. ड्युअलसेन्सच्या प्रत्येक ट्रिगरमागे एक छोटी मोटर आणि गिअर असतो. हा गिअर ट्रिगरच्या मार्गात अडसर उभा करतो. त्यामुळे धनुष्याची दोरी ताणताना बोटाला वाढता जोर लावावा लागतो, आणि बंदूक अडकली असेल तर ट्रिगर अर्ध्यातच थबकतो. मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या एक्सबॉक्स वन कंट्रोलरमध्ये ट्रिगरपाशी स्वतंत्र कंपन मोटरी दिल्या आणि त्या पुढच्या पिढीतही ठेवल्या; परंतु त्या ट्रिगर थरथरवतात, अडवत नाहीत. अडवणाऱ्या ट्रिगरची किंमत बोटांना मोजावी लागते. वेगाने गोळीबार करण्याच्या स्पर्धात्मक खेळांत अनेक खेळाडू ही सोय बंदच ठेवतात, आणि ते योग्यच आहे. बंद कशी करायची यासाठी प्रश्न १४ पाहावा.

५. प्लेस्टेशन ३ च्या पहिल्या कंट्रोलरमध्ये कंपन का नव्हते?

२००६ मध्ये सोनीने असे कारण दिले, की कंपनामुळे कंट्रोलरमधल्या हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरांना अडथळा येतो. त्याच वर्षी आलेल्या निन्टेंडो वीच्या रिमोटमध्ये मात्र दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. दुसरीकडे कंपनाच्या पेटंटवरून इमर्शन कॉर्पोरेशन या कंपनीने २००२ पासून सोनीविरुद्ध खटला चालवला होता. २००७ मध्ये तो मिटला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपन असलेला ड्युअलशॉक ३ जपानमध्ये बाजारात आला. या घटनाक्रमावरून काय समजायचे ते वाचकांनी ठरवावे.

६. हात हलवून खेळायचे खेळ एवढे गाजले होते. मग ते मागे का पडले? एक्सबॉक्सचा शरीराची हालचाल ओळखणारा किनेक्ट कॅमेरा तर कन्सोलसोबतच मिळत होता.

वीने १० कोटींहून अधिक विक्री केली, कारण तिच्यात शिकण्यासारखे फार काही नव्हते. टेनिसची रॅकेट जशी फिरवतात तसा रिमोट फिरवायचा. पहिल्या रिमोटमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर आणि पुढच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा एवढेच होते. टीव्हीवर ठेवायची ‘सेन्सर बार’ नावाची पट्टी प्रत्यक्षात काहीच ओळखत नसे. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे होते आणि रिमोट ते पाहून आपली दिशा ठरवत असे, म्हणून पट्टीच्या जागी दोन मेणबत्त्या ठेवूनही काम भागे. अशा यंत्राला मनगटाची लहानशी झटक आणि पूर्ण हाताचा फटका यांतला फरक फारसा कळत नसे. खेळाडूंना हे लवकरच उमगले आणि ते सोफ्यावर बसून मनगट झटकू लागले. ज्या क्षणी खेळाडू टेनिस खेळण्याऐवजी सेन्सरला फसवू लागतो, त्या क्षणी तल्लीनता संपलेली असते. २००९ मध्ये जायरोस्कोपची (फिरण्याची हालचाल मोजणाऱ्या सेन्सरची) जोडणी आली, पण ती वेगळी होती आणि म्हणून मोजक्याच खेळांनी तिच्यावर भिस्त ठेवली.

किनेक्टची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे, कारण प्रश्न १ मधल्या आमच्या मताला ती अपवाद वाटू शकते. २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी आलेल्या किनेक्टची पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विक्री झाली. त्यानंतर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनच्या प्रत्येक खोक्यात सुधारित किनेक्ट घातला आणि किंमत ४९९ डॉलर ठेवली. प्लेस्टेशन ४ ची किंमत ३९९ डॉलर होती. जून २०१४ मध्ये किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स वन ३९९ डॉलरना मिळू लागला, आणि किनेक्टसाठी राखून ठेवलेली ग्राफिक्सची शक्ती स्टुडिओंना खुली करण्यात आली. २०१७ मध्ये उत्पादनच थांबले. म्हणजे वस्तू खोक्यात असणे आवश्यक असले तरी पुरेसे नव्हते. शरीराची हालचाल आणि पडद्यावरचा प्रतिसाद यांत जाणवण्याइतके अंतर होते, हातात धरायला काही नसल्यामुळे स्पर्शाचा प्रतिसाद शून्य होता, आणि खेळाच्या जगात पुढे चालत जायचे तर खोलीची भिंत आड येत असे. नृत्याचे खेळ मात्र किनेक्टवर उत्तम चालले, कारण नाचणारा जागच्या जागी असतो आणि त्याला हातात काही धरायचे नसते.

७. चष्म्याशिवायचे थ्रीडी का टिकले नाही?

निन्टेंडोने हा प्रयत्न दोनदा केला. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय टेबलावर ठेवून त्यात डोळे घालून बघायचा असे. चित्र केवळ लाल आणि काळे होते, मान अवघडत असे, आणि वर्षभराच्या आत तो बंद झाला. २०११ च्या थ्रीडीएस या हातात धरायच्या कन्सोलने पडद्यावरच्या बारीक अडथळ्यांच्या साहाय्याने प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवले. ते पाहण्यासाठी यंत्र चेहऱ्यासमोर अगदी सरळ धरावे लागे आणि हात जरा हलला की चित्र फाटल्यासारखे दिसे. चेहऱ्याचा मागोवा घेऊन चित्र स्थिर ठेवणारी सुधारित आवृत्ती २०१४ मध्ये आली, पण त्याच्या एक वर्ष आधी निन्टेंडोनेच थ्रीडी काढून टाकलेला टूडीएस बाजारात आणला होता. थ्रीडीएसचे यश मोठे होते, पण ते त्याच्या खेळांचे होते.

८. व्हीआर (आभासी वास्तवाचा) हेडसेट सर्वांत जास्त तल्लीनता देतो, तर प्रत्येक कन्सोलधारक तो का घेत नाही?

डिसेंबर २०१९ अखेर प्लेस्टेशन ४ ची विक्री १० कोटी ६० लाखांच्या वर गेली होती, आणि त्याच्या व्हीआर हेडसेटची सुमारे ५० लाख. म्हणजे ढोबळमानाने वीस ग्राहकांत एक. एवढ्या लहान बाजारासाठी मोठा खर्च करायला स्टुडिओ कचरतात, खेळ कमी निघतात, आणि खेळ कमी म्हणून ग्राहकही वाढत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन व्हीआर२ ने तांत्रिक दृष्टीने मोठी मजल मारली. प्रत्येक डोळ्यासाठी २००० बाय २०४० पिक्सेल, हेडसेटमध्येच कंपन, आणि नजर कुठे आहे ते ओळखणारे कॅमेरे. डोळ्यांना बारीक तपशील केवळ नजरेच्या मध्यभागी दिसतो, म्हणून नजर असेल तेवढाच भाग स्पष्ट रेखाटून बाकीच्या भागावरची मेहनत वाचवता येते. परंतु त्याची मूळ किंमत खुद्द कन्सोलपेक्षा जास्त होती, आणि जुन्या हेडसेटचे खेळ त्यावर थेट चालत नव्हते. ज्या ग्राहकांनी पहिल्या फेरीत विश्वास टाकला त्यांचाच संग्रह असा मागे सोडणे ही आमच्या मते मोठी चूक होती.

९. व्हीआर खेळताना मळमळते. सवयीने कमी होते का?

पुष्कळांचे कमी होते, सर्वांचे नाही. डोळे ‘आपण चाललो आहोत’ असे सांगतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा ‘आपण बसलेलो आहोत’ असे सांगते, या विसंगतीतून मळमळ येते. त्यामुळे सेटिंगमध्ये चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी मारण्याचा पर्याय, ठरावीक अंशांत वळण्याचा पर्याय आणि हालताना दृश्याच्या कडा काळ्या करण्याचा पर्याय निवडावा. हेडसेटवरचे दोन डोळ्यांतले अंतर नीट जुळवावे. मळमळ सुरू झाली की लगेच थांबावे. नेट लावून खेळत राहिल्याने सवय होत नाही, उलट पुढच्या वेळी त्रास लवकर सुरू होऊ शकतो.

१०. वेगवान एसएसडी ही साठवणुकीची बाब आहे. तिचा तल्लीनतेशी काय संबंध?

या यादीतला हा सर्वांत कमी चमकदार आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा विषय आहे. प्लेस्टेशन ४ ची हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे ५० ते १०० मेगाबाइट माहिती देत असे. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी कच्ची माहिती सेकंदाला ५.५ गिगाबाइट वेगाने देते, आणि एक्सबॉक्स सीरीज एक्सची २.४ गिगाबाइट. जुन्या डिस्कच्या संथपणाचा परिणाम केवळ लोडिंगच्या पडद्यापुरता मर्यादित नव्हता. खेळातली जगेच त्याभोवती आखावी लागत. पात्र अरुंद फटीतून आडवे सरकत जाते, जड दार हळूहळू उचलते, लिफ्टमध्ये उभे राहून गप्पा मारते किंवा नागमोडी बोळातून चालते, तेव्हा पुष्कळदा मागे पुढच्या भागाची माहिती वाचली जात असते. खेळाडूला कारण माहीत नसले तरी रेंगाळणे जाणवते. या कन्सोलचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची रचना समजावून सांगताना या मर्यादेवर बराच वेळ खर्च केला होता. २०२१ च्या ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ मध्ये पात्र एका फटीतून आरपार जाते आणि क्षणार्धात पूर्णपणे वेगळे जग समोर येते.

एक्सबॉक्स सीरीजमधली ‘क्विक रिझ्यूम’ ही सोय याच एसएसडीवर उभी आहे. खेळाची चालू स्थिती तीत जपली जाते, त्यामुळे काही दिवसांनीही शीर्षके आणि मेनू न पाहता सोडलेल्या जागेवरून पुढे खेळता येते. सतत सर्व्हरशी जोडलेल्या खेळांत मात्र जोडणी तुटलेली असल्याने ही सोय फारशी कामाची नसते.

११. ‘क्वालिटी’ निवडावे की ‘परफॉर्मन्स’?

अनेक खेळ हे दोन पर्याय देतात: क्वालिटीत चित्र अधिक तपशीलवार, परफॉर्मन्समध्ये सेकंदाला अधिक चित्रे, म्हणजे फ्रेम. सेकंदाला ३० फ्रेममध्ये प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, ६० मध्ये १६.७ आणि १२० मध्ये ८.३. जास्त फ्रेम म्हणजे हालचाल सलग, आणि सहसा प्रतिसादही लवकर. रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा मार्ग मोजून चित्र रेखाटणे) आणि जास्त रेझोल्यूशन यांनी चित्र खरे वाटते, पण ते चित्र स्थिर असेपर्यंत. सोनीने २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो सादर करताना सांगितले, की सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळाडू परफॉर्मन्सच निवडतात. आमचाही सल्ला तोच आहे. संथ आणि दृश्यप्रधान खेळ एवढाच अपवाद. १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रे दाखवणारा, टीव्ही असेल आणि खेळात ४० फ्रेमचा पर्याय असेल तर तो अवश्य पाहावा, कारण त्याचे २५ मिलिसेकंद हे ३० आणि ६० यांच्या बरोबर मध्ये पडतात.

१२. त्रिमितीय ध्वनीसाठी महागडे हेडफोन लागतात का?

नाही, साधे स्टीरिओ हेडफोन पुरतात. आवाज डोक्याला आणि कानाच्या पाळीला वळसा घालून आत येताना बदलतो, आणि त्या बदलावरून मेंदू दिशा ओळखतो. प्लेस्टेशन ५ चे ‘टेम्पेस्ट’ तंत्र हाच बदल गणिताने घडवते. कानांचा आकार प्रत्येकाचा वेगळा असल्यामुळे सुरुवातीला पाच साचे देण्यात आले होते. आवाज कानांच्या उंचीवरून आल्यासारखा वाटेल तो साचा निवडायचा. टीव्हीच्या स्पीकरसाठी ही सोय सप्टेंबर २०२१ मध्ये आली आणि तीत खोलीचा ध्वनी कंट्रोलरच्या मायक्रोफोनने मोजून घेता येतो. तरीही हेडफोनचा परिणाम अधिक खात्रीचा आहे. एक चूक वारंवार दिसते: कन्सोलचा आणि हेडफोनचा असे दोन्ही त्रिमितीय परिणाम एकाच वेळी चालू ठेवले, तर दिशा स्पष्ट होण्याऐवजी गढूळ होते. कोणता तरी एकच चालू ठेवावा.

१३. नवा मोठा टीव्ही घेतल्यापासून सगळे खेळ जड वाटतात. कन्सोल बिघडला असेल का?

बहुधा नाही. अनेक टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. विशेषतः दोन फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालणारी सोय पुढची फ्रेम येईपर्यंत थांबतेच, म्हणून उशीर अटळ असतो. टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करावा. टीव्हीत सोय असल्यास कन्सोल स्वतःच तो चालू करतो. चित्र वेळेवर आणि आवाज मागून येत असेल, तर साउंडबार किंवा ब्लूटूथ हेडफोन तपासावेत.

१४. कंपन आणि अडवणाऱ्या ट्रिगरची सोय बंद करता येते का? सांधेदुखीमुळे ट्रिगर ओढवत नाही.

येते. प्लेस्टेशन ५ च्या सेटिंगमध्ये कंपन आणि ट्रिगरचा विरोध हे दोन्ही कमी किंवा पूर्ण बंद करता येतात, आणि ते सर्व खेळांना लागू होते. नेहमीचा कंट्रोलर धरणेच शक्य नसेल, तर मायक्रोसॉफ्टचा २०१८ चा ‘एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणि सोनीचा डिसेंबर २०२३ चा ‘ॲक्सेस’ कंट्रोलर हे पर्याय आहेत. पहिल्याला १९ स्वतंत्र बटणे किंवा पेडल जोडण्याच्या खाचा आहेत. प्रश्न २ मधल्या पहिल्या पायरीचा अडसर ज्यांच्यासाठी सर्वांत उंच होता, त्यांच्यासाठी या दोन वस्तूंनी जे केले ते कोणत्याही हेडसेटने केलेले नाही.

१५. जुना खेळ नव्या कन्सोलवर चालवला तर नवे हॅप्टिक्स आपोआप मिळतात का?

नाही. प्लेस्टेशन ४ चा खेळ ड्युअलसेन्सवर जुन्या मोटरींच्या कंपनाची नक्कल तेवढी करतो, कारण स्पर्शाचा तपशील स्टुडिओने खेळात घालावा लागतो. लोडिंग मात्र पुष्कळदा आपोआप कमी होते. ज्यासाठी स्टुडिओला मेहनत करावी लागत नाही ते जुन्या खेळांनाही मिळते, एवढे लक्षात ठेवावे.

१६. खेळच मधे कन्सोलची आठवण करून देतो, तेव्हा तल्लीनता मोडत नाही का?

सहसा मोडते, पण उलट उदाहरणे आहेत. १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’ मध्ये एक खलनायक खेळाडूच्या मेमरी कार्डवरचे खेळ वाचून त्याच्या आवडीवर शेरा मारतो, मग कंट्रोलर जमिनीवर ठेवायला सांगतो आणि कंपनाने तो थरथरवून आपली ‘मनःशक्ती’ दाखवतो. त्याला हरवायचे तर कंट्रोलर काढून दुसऱ्या खाचेत लावावा लागतो. गेमक्यूबवरचा २००२ चा ‘इटर्नल डार्कनेस’ टीव्हीचा आवाज आपोआप कमी होत असल्याचे खोटे दृश्य दाखवतो आणि जपलेला खेळ पुसल्याचे भासवतो. दोन्ही ठिकाणी यंत्र कथेच्या बाहेर राहत नाही, तेही कथेत ओढले जाते. ही युक्ती एकदाच चालते. दुसऱ्यांदा खेळताना तीच जागा गमतीची वाटते, भीतीची नाही.

१७. एका डोळ्याने दिसत नाही, किंवा एका कानाने ऐकू येत नाही. मग या तंत्रांचा काही उपयोग आहे का?

दृष्टीच्या बाबतीत उत्तर यंत्रानुसार बदलते. थ्रीडीएसच्या चित्रातली खोली (जवळ-लांबपणाची जाणीव) पूर्णपणे दोन डोळ्यांच्या वेगळ्या चित्रांवर अवलंबून होती, त्यामुळे एका डोळ्याला ती मिळतच नाही. व्हीआरमध्ये डोके हलवले की जवळच्या वस्तू लांबच्या वस्तूंपेक्षा जास्त सरकतात आणि त्यावरून एका डोळ्यालाही खोलीचा बराच अंदाज येतो. म्हणून घेण्याआधी एकदा घालून पाहणे उत्तम. ध्वनीच्या बाबतीत दिशेची जाण मुख्यतः दोन कानांतल्या फरकावर उभी असते. त्रिमितीय ध्वनी येथे फारशी मदत करत नाही, उलट ऐकू न येणाऱ्या बाजूचे आवाज हरवतात. अशा वेळी मोनो आवाजाचा पर्याय चालू करावा आणि खेळात आवाजाची दिशा पडद्यावर दाखवण्याची सोय असेल तर तीही. ड्युअलसेन्सवर डावे आणि उजवे कंपन वेगळे असते, आणि काही खेळ त्यातूनही बाजू सुचवतात, म्हणून अशा खेळाडूने कंपन मात्र बंद करू नये.